सुलतानची शेवटची शिकवणी

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात रेडिओ बंद, भांडण बंद, मिक्सर तर माळ्यावरच. कुणी गेलं नव्हतं, फेलफेल गाणं शिकत होता.

फेलफेल म्हणजे मिरची. माझ्या नवऱ्याच्या, बुआलेमच्या पाळीव मकनीनच्या पिल्लाचं नाव. मकनीन हा गाणारा पक्षी, मोठेपणी चेहरा लालभडक, पंखावर पिवळा पट्टा, जीव चिमणीहून लहान आणि तोरा जावयाचा. अल्जीयर्सच्या आमच्या वस्तीत घरोघरी मकनीनचा पिंजरा असतो आणि घरोघरी एक वैतागलेली बायको.

पण या खेपेला नुसती हौस नव्हती. तळमजल्यावरच्या हाज मुकदादचा म्हातारा मकनीन, सुलतान, थकला होता. त्याच्यासारखं जुनं गाणं आसपास कुणाकडे उरलं नव्हतं. त्यातही गाण्याच्या अखेरीचे तीन सूर ऐकायला लोक लांबून येत. मकनीनचं पिल्लू मोठ्या पक्ष्याचं ऐकून शिकतं, म्हणून हाजने सुलतानचा पिंजरा आमच्याकडे आणून दिला.

"बेटा, एकदा हा पिसं गाळायला लागला की पुन्हा गाईल असं वाटत नाही," तो बुआलेमला म्हणाला. "तुझ्या पोराने उचललं तर उचललं. नाहीतर संपलंच ते."

एवढं बोलूनही तो बराच वेळ आमच्या दारात उभा होता. मी कॉफी विचारली, तीही त्याला ऐकू गेली नाही.

दोन्ही पिंजऱ्यांवर पांढरी चादर पडली. गुरूने गायचं, चेल्याने ऐकायचं आणि पिल्लाच्या कानावर परका सूर पडू द्यायचा नाही. गाण्यात एक जरी चिवचिव घुसली, तरी जाणकार तोंड फिरवतात. बुआलेमने बंदरावरच्या नोकरीतून रजा काढली आणि बाल्कनीत पहारा बसवला. आमच्या लग्नाला त्याला एवढी रजा मिळाली नव्हती.

"वर्दिया, कोण बोललं ते?"

"चिमणी."

"चिमणी मलाही कळते! तिच्यामागे कोण?"

असं करत करत मीही पंडित झाले. बुलबुल घशात पाणी खुळखुळवल्यासारखा बोलतो. जाड चोचीचा हिरवा पक्षी पिशवीची चेन ओढल्यासारखा लांब सूर काढतो. त्याचा पिवळा, चिमुकला भाऊबंद किल्ल्यांचा जुडगा हलवत बसतो. काळा कस्तुर तेवढा खानदानी, पहाटे एकटा, सावकाश गातो. मला तो फार आवडायचा, पण बुआलेमच्या लेखी तो सगळ्यात मोठा चोर. त्याचा सूर गोड, म्हणजे पिल्लू फितणार! वरच्या मजल्यावरच्या बाईंची कॅनरी दुसऱ्या खोलीत हलवावी म्हणून मी ताटभर मकरूट घेऊन त्यांच्याकडे गेले. खजूर भरलेले, तुपातले. बाईंनी मकरूट खाल्ले आणि कॅनरी हलवली.

आलेल्या पाहुण्यांना हाकलताना टाळी वाजवायची सोय नव्हती, सुलतान दचकून गप्प बसला असता. मग बुआलेम पुढच्या दातांच्या फटीतून हळूच शीळ घालायचा. सुईट-सुईट! चिमणी आली, सुईट-सुईट. बुलबुल आला, सुईट-सुईट. दिवसभर तेच.

सुलतानने पिसं गाळायला सुरुवात केली आणि तो मुका झाला. फेलफेलचा गळा तयार व्हायला मात्र पुढचा वसंत उजाडला. मग एका शुक्रवारी परीक्षा ठरली. हाजचे गुडघे दुखतात, कॉफीहाउसपर्यंत जाववत नाही, म्हणून जाणकार मंडळी आमच्याच इमारतीच्या गच्चीवर जमली. आम्ही बायका कपडे वाळत घालायच्या निमित्ताने पलीकडे उभ्या.

चादर निघाली. फेलफेल गायला लागला आणि गच्ची चिडीचूप झाली. सुलतानच गातोय असं वाटावं इतकं हुबेहूब. अखेरीचे तीन सूरही आले, स्वच्छ. बुआलेमने डोळे मिटले.

आणि फेलफेल म्हणाला, "सुईट-सुईट!"

गच्चीवर हशा पिकला. "अरे, हा तर बुआलेम!" कुणीतरी ओरडलं. "दात तेवढे बसवा त्याला!" साऱ्या जगाचे पक्षी हाकलले आणि आमचे हे स्वतःच गाण्यात शिरले होते. बुआलेमचा चेहरा मकनीनसारखा लाल झाला. तो चादर ओढायला धावला. मला हसूही येत होतं आणि त्याची इतकी दया येत होती की हातातला ओला टॉवेल मी तशीच पिळत राहिले.

"थांब," हाज म्हणाला. "पुन्हा गाऊ दे."

फेलफेल पुन्हा गायला. तीन सूर आले तसा हाजने हात वर केला.

"हे सूर यमीनाचे," तो म्हणाला. यमीना त्याची बायको, जाऊन कितीतरी वर्षं झाली. "ती मला नावाने हाक मारायची नाही. चारचौघांत लाज वाटायची तिला. स्वयंपाकघरातून नुसती हू-ई-या करायची, की मी समजायचो, कॉफी झाली. माझ्या आधीच्या मकनीनने, सुलतानच्या गुरूने, ते उचललं, सुलतानने गुरूकडून घेतलं. मी कुणाला सांगितलं नाही. खोट निघाली म्हणाले असते."

हाजने पिंजऱ्याला हात लावला. "ती आहे यात. बुआलेमही असू दे. तिला सोबत होईल."

मी टॉवेल तोंडावर दाबून रडले.

रात्री जेवताना मी बुआलेमला सांगितलं, "पुढचं पिल्लू स्वयंपाकघरात टांगायचं."

"तिथे? तुझं दिवसभर खेकसणं शिकेल ते!"

"शिकू दे," मी म्हटलं.

तो ताटावरून उठला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत खिळा कुठे मारायचा ते पाहायला लागला.