येलहंक्याचा तिसरा खड्डा

महानंदा निपाणीहून बंगळुरूला आली ती इतिहासात एम.ए. करून, पुरातत्त्वातच काम करायचं असा हट्ट धरून. एका खासगी कंपनीत तिला वर्षाची उमेदवारी मिळाली. इमारती उठण्याआधी जागा तपासून अहवाल द्यायचा, हे कंपनीचं काम. साहेब पुरुषोत्तम, पण शिकवलं ते मल्लाप्पानं. विजापूरकडचा हा मजूर तीस वर्षं उत्खननांवर राबलेला. शेजारी उकिडवा बसून तो सांगायचा, "स्वल्प हळू, अक्का. माती तासायची, उकरायची नाही. रंग पालटला की थांबायचं."

येलहंक्याला एका गृहप्रकल्पाच्या जागेत, तिसऱ्या खड्ड्यात, तिच्याच हाताला काळी-तांबडी खापरं लागली. त्याखाली उभ्या दगडांची चौकट, चौकटीत मडकं, मडक्यात हाडं.

"दफन आहे हे. दोन हजार वर्षांपूर्वीचं तरी असेल," ती म्हणाली.

पुरुषोत्तम आले, वाकून बघितलं, फोनवर बोलत लांब गेले. परत येऊन म्हणाले, "बुजवून टाका. अहवालात लिही, नुसती भरावाची माती, अवशेष नाहीत. सही तुझी. पुढच्या महिन्यात कायम करायचंय ना तुला?"

ते गेल्यावर मल्लाप्पा म्हणाला, "सही नको करू, अक्का."

दोन दिवस तिला अन्न गेलं नाही. निपाणीत आईनं गल्लीभर सांगितलं होतं, पोरगी मोठी संशोधक होणार. तिसऱ्या दिवशी तिनं सही केली.

पुढच्याच आठवड्यात जेसीबी फिरला. मल्लाप्पाला कामावर बोलावणं बंद झालं.

महिन्याभरानं तो ऑफिसखाली चहाच्या टपरीवर भेटला. सरकारी कचेरीत त्या बुजवलेल्या खड्ड्याची तक्रार घेऊन गेला होता. "त्यांनी कागद दाखवला. म्हणाले, तुझं काय ऐकायचं? शिकलेल्या बाईनं लिहून दिलंय." तो रागावला नव्हता, हेच तिला सोसेना.

"मल्लाप्पाण्णा, माझा नाइलाज..."

"सरी, असू दे," तो मध्येच म्हणाला. "तिकडे पीण्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात वॉचमन लागलोय. तिथं खाली सगळी फरशी आहे. बरं आहे."

चहा अर्धाच ठेवून तो बसस्टॉपकडे गेला. महानंदा वर आली. टेबलावर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या नव्या जागेची फाइल होती. अहवालाचा मसुदा आधीच लिहून आला होता: अवशेष नाहीत. खाली फक्त तिची सही बाकी होती. जागा अजून कुणी पाहिलीही नव्हती.

तिनं पेन काढलं.