आधी मलाच बंद करतात

मी बोलतोय, राळेगावच्या रस्त्यावर जी जिनिंग आहे ना, तिच्या उत्तरेकडच्या भिंतीतला तिसरा पंखा. तुम्ही मला पाहिलं असेल असं वाटत नाही. पंखा म्हटलं की माणसं छताकडे बघतात, आणि मी भिंतीत. शिवाय मी वारा देणारा नव्हे, आतली हवा बाहेर फेकणारा. कापसातून सरकी वेगळी करताना रुईची बारीक धूळ उडते, ती ओढून बाहेर टाकायची, एवढंच माझं काम. कौतुकाच्या नावानं शंख! दसऱ्याला झेंडूचा हार गाठी बांधणाऱ्या प्रेसला मिळतो, आम्हा आठ पंख्यांच्या वाट्याला कुंकवाचं एकेक बोट येतं.

माझा जन्म नागपूरकडच्या एका शेडमध्ये झाला. पाती ठोकली, रंग मारला, आणि सात भावंडांसोबत मला ट्रकमध्ये घातलं. इथे आलो त्याला आता चार हंगाम झाले. तपासणीला आलेल्या साहेबांनी बजावलं होतं म्हणून मालक मारोतरावांनी आम्हाला आणलं. हौसेनं कोण आणतो?

पण बायांना हौस होती. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा खालच्या कापसाच्या ढिगाजवळ बसलेल्या बाया काम थांबवून वर बघायला लागल्या. कवडी म्हणजे किडका कापूस, आणि काडीकचरा वेचणाऱ्या त्या बाया दिवसभर पदरानं नाक बांधून बसायच्या. माझ्या अगदी खाली बसणारी पंचफुलाबाई, अठरा हंगाम याच ढिगाशी घालवलेली. तिनं नाकावरचा पदर सोडला आणि मला म्हणाली, "आला का गा बापा? लय उशीर केला तू."

पंख्याशी कोणी बोलतं का? ती बोलायची. तेव्हापासून ती माझी आणि मी तिचा.

तिचा मुलगा देवानंद. यवतमाळला आयटीआय करून आला आणि तिनंच मारोतरावांच्या मागे लागून त्याला इथे वायरमन म्हणून चिकटवला. पोरगा हुशार आणि कामाचा. शिडी लावून माझी पाती पुसायचा, ग्रीस घालायचा. तो शिडीवर असला की ही खालून शेजारच्या जैबुनबीला हळूच सांगायची, "पाह्य व, माहा देवा." आणि तो उतरला की चार लोकांत त्याला मुद्दाम 'वायरमन साहेब' म्हणायची. तो लाजून पळायचा.

मग ती दुपार आली. मारोतराव विजेचं बिल हातात घेऊन मशीनजवळ आले.

"देवानंद, हे काय हाये गा? युनिट तेवढेच, अन् बिल पाह्य कुठं गेलं!"

देवानंदनं बिल वाचलं. गोष्ट अशी होती. मोठ्या कारखान्यात नुसती किती वीज जळली एवढंच मीटर बघत नाही. एखाद्या अर्ध्या तासात सगळं एकदम चालून विजेची ओढ वाढली, तर ती सर्वांत मोठी ओढ मीटर लिहून ठेवतो आणि महिन्याचा एक आकार तिच्यावर ठरतो. मंजूर केलेली हद्द ओलांडली तर दंड वेगळा. महिनाभर शहाण्यासारखं वागा, पण अर्धा तास चुकलात की भरा.

"मले यावर उपाय पाह्यजे," मारोतराव म्हणाले. "जमवलं तर तुले पुढच्या महिन्यापासून कायम करतो."

देवानंदनं पंधरा दिवस खपून मीटरच्या खोलीत एक पेटी बसवली. ओढ हद्दीजवळ आली की पेटी आपोआप काहीतरी बंद करणार आणि ओढ उतरली की पुन्हा चालू करणार. युक्ती झकास होती, मी तिला नावं ठेवत नाही. प्रश्न एवढाच होता, आधी काय बंद करायचं?

यादी करायला सगळे आमच्याच भिंतीजवळ जमले होते. प्रेसवाला म्हणाला, प्रेस थांबली तर गाठी काय हातानं बांधू? मशीनवाला म्हणाला, जिन थांबलं तर बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या राहतील. आगीसाठी पाण्याची मोठी टाकी होती, तिचा पंप राखणदाराच्या ताब्यात. तो म्हणाला, टाकी दुपारीच भरते, पहिल्यापासून. प्रत्येकाच्या वतीनं कोणी ना कोणी बोललं. आमच्या वतीनं कोण बोलणार? बाया चार हातांवर बसल्या होत्या, पण त्यांना कोणी विचारलं नाही. देवानंदनं थोडा विचार केला, आणि वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं: पंखे, आठ.

पाच-सात मिनिटांनी काय बिघडतं, असं त्याला वाटलं असणार. वाईट हेतू नव्हता त्याचा. मी त्याला लहानाचा मोठा झालेला पाहिला नाही, पण आईवर जीव असलेला मुलगा ओळखू येतो.

डिसेंबरात कापसाची आवक वाढली आणि पाच-सात मिनिटांची पंधरा झाली, पंधराची वीस. सकाळी अकरापासून चारपर्यंत मी फिरायचो कमी आणि थांबायचो जास्त. थांबलो की रुईची धूळ हवेत तशीच लटकायची. बायांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. पंचफुलाबाईनं पुन्हा पदर बांधला. मग खोकला सुरू झाला. सुट्टीनंतर कामावर आली की त्या दिवशी तिची छाती जास्तच आवळायची, ढिगाला हात टेकून ती श्वास ओढायची. मी वरून बघायचो. पाती होती, मोटार धडधाकट होती, ग्रीस तिच्याच लेकानं घातलेलं होतं, पण तारेत वीज नसेल तर पंख्यानं करायचं काय?

देवानंदला हे कळलं का नाही, असं तुम्ही विचाराल. भर दुपारी तो आवाराच्या दुसऱ्या टोकाला पेटीसमोर आकडे बघत बसलेला असायचा. आत यायचा तो संध्याकाळी, अर्ध्या मशीन बंद झाल्यावर. तेव्हा आम्ही आठही भाऊ झोकात फिरत असायचो. त्याला आम्ही कधी थांबलेले दिसलोच नाही. घरी आई खोकलायची तेव्हा म्हणायची, थंडी हाये.

महिन्याचं बिल उतरलं. देवानंद कायम झाला. पंचफुलाबाईनं सगळ्यांना पेढे वाटले, माझ्या खालच्या भिंतीवरही कुंकू लावलं. मारोतराव खूश होते, म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला. तो कुठे गेला होता, ते मी रोज ऐकत होतो.

एकदा जैबुनबी चिडली. "सांगत काहून नाही व तू पोराले? तुहाच पोरगा बंद करते पंखे, तुह्याच छातीवर!"

"चूप राह्य," पंचफुलाबाई म्हणाली. "नवीन नोकरी हाये त्याची."

फेब्रुवारीत एका दुपारी एका मशीनचं स्टार्टर जळालं आणि देवानंदला भर गर्दीच्या वेळी आत यावं लागलं. दारातच तो थबकला. समोरची भिंत धुरकट दिसत होती. आठ पंखे गप्प. आणि बारदानाच्या थप्पीला टेकून त्याची आई तोंड उघडं टाकून श्वास शोधत होती. त्यानं वर माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मग त्यानं आईला उचललं आणि मारोतरावांच्या गाडीतून यवतमाळला नेलं.

डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण छाती आता पहिल्यासारखी होणार नाही.

आठवड्यानं तो परत आला तो ओढ मोजायचं यंत्र घेऊनच. एकेका तारेला लावून मोजत सुटला. शेवटी त्याच वहीत बेरीज केली. आम्हा आठ पंख्यांची मिळून जेवढी ओढ होती, तेवढी त्या एकट्या पाण्याच्या पंपाची होती. टाकी सकाळी सातला, मशीन सुरू व्हायच्या आधी भरली असती तर आम्हाला एकदाही थांबावं लागलं नसतं. ती दुपारी भरायची ती निव्वळ सवय म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. त्या दिवसापासून टाकी सकाळी भरते, मी दिवसभर फिरतो, आणि बिल तेवढंच कमी येतं. कोणालाच काही सोडावं लागलं नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. तुमच्या हाती कधी अशी यादी करायची वेळ आली तर जरूर करा, बचत वाईट नाही. फक्त पहिल्या ओळीवर नाव लिहिण्याआधी भर दुपारी आत येऊन उभे राहा, आणि तिथे जे बसलेत त्यांना विचारा.

एवढं बोलून मी थांबलो असतो. पण परवाचं सांगायचं राहिलं.

परवा दुपारी दीडला देवानंद आईला घेऊन आला. या हंगामात ती कामावर नाही, घराच्या दारात बसून असते. दहा पावलं चालली की थांबावं लागतं. बायांना भेटायचं म्हणून तिनं हट्ट धरला होता, आणि त्यालाही तिला आम्ही आता थांबत नाही हे दाखवायचं होतं. जैबुनबीनं तिला माझ्याखाली पोत्यावर बसवलं. तिनं वर पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, आला का गा बापा.

तिचा चेहरा पडला.

"देवा, हा पंखा चालू काहून हाये? भर दुपार हाये ना?"

"आता चालूच राह्यते, माय. दिवसभर."

तिनं त्याचं मनगट धरलं. श्वास पुरत नव्हता, तरी बोलली. "तुले कामावरून काढलं का रे? खरं सांग. पंखा थांबला का मले समजे, माह्या देवाची पेटी चालू हाये, त्याची नोकरी हाये. त्या भरोशावर तं मी इथं बसून राह्यत होती."

जैबुनबीनं तोंड फिरवलं.

"मारोतरावाच्या पाया पडतो मी," ती उठायला लागली. "पह्यले हा बंद कर, बेटा. लवकर बंद कर."

तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला. ती त्याच्या केसांतली रुई वेचत बसली, आणि मधून मधून घाबरून माझ्याकडे बघत होती. मी फिरत होतो.