पेटीतला शेवटचा कप्पा

आमच्या घरात जुनी मनगटी घड्याळं पेटीभर आहेत आणि वेळ विचारायची ती शेजारणीला. कारण आमचे हे घड्याळं जमवतात, घालत नाहीत. किल्ली दिली की झिजतात म्हणे. मखमलीच्या कप्प्यांत सगळी गप्प पडून असतात आणि सुट्टीच्या दिवशी हे त्यांच्यावरून मऊ फडकं फिरवतात. माझ्या पाठीवरून असा हात कधी फिरला असेल तर शपथ!

पेटीत एकच कप्पा रिकामा होता. कधीच बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्याच्या एका मालिकेतली सगळी घड्याळं ह्यांच्याकडे होती, फक्त निळ्या काट्यांचं नव्हतं. त्या कप्प्यापायी हा माणूस जेवता जेवता हरवायचा. म्हणून एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांकडे ते घड्याळ आहे आणि त्यांना ते विकायचंय असं कळलं, तेव्हा मीच म्हटलं, "चला, आणू या एकदाचं. मी तरी सुटेन."

वाटेत माझी शिकवणी झाली. जमवणाऱ्यांची रीतच आहे म्हणे, वस्तू आवडली हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. उलट नावं ठेवायची.

"आणि मी कानाच्या पाळीला हात लावला की तू कंटाळून म्हणायचं, 'राहू द्या हो, घरी पुष्कळ आहेत.'"

"ते मी रोजच म्हणते."

"तस्संच म्हण. अगदी मनापासून वाटतं."

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता, पण खुर्ची ठेवली होती. बाहेरच्या खोलीत बसायला ती आणि एक स्टूल. स्टूल मला मिळालं, खुर्ची ह्यांना. डॉक्टरांनी सवयीने पायाने कळ दाबली, तसे हे आडवे झाले. मग वरचा दिवा लागला आणि त्या उजेडात घड्याळ ह्यांच्या हातात आलं.

निळे काटे पाहून ह्यांचा श्वासच अडकला. डॉक्टरांना वाटलं असेल, दाढ ठणकली. पण हे लगेच सावरले आणि सुरू झाले. तबकडी पिवळी पडलीय. काचेवर चरे आहेत. पट्टा मूळचा नाहीच. किल्लीचं बटण झिजून गुळगुळीत झालंय.

"ते आमच्या हिनं झिजवलं," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी किल्ली देऊन माझ्या मनगटावर बांधायची. ती गेल्यावर मी देत होतो. आता बोटं थरथरतात, बटण धरता येत नाही. बंद पडलेलं बघवत नाही हो. म्हटलं, कुणी चालवणारं भेटलं तर द्यावं."

इथे कुणीही गप्प बसलं असतं. पण ह्यांच्या डोक्यात ती रीत पक्की बसलेली. "तेच म्हणतोय मी. बटण गेल्यातच जमा आहे. तशी काही खास वस्तू नाही," असं म्हणून ह्यांनी हात कानाच्या पाळीला लावला.

मला इतका राग आला की शिकवणी पार विसरले. हे आपले माझ्या वाक्याची वाट बघत पाळी ओढतच राहिले.

"कानही दुखतोय का?" डॉक्टरांनी काळजीने विचारलं.

"कान ठणठणीत आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "जीभ तेवढी बघा."

मी उठले आणि ह्यांच्या हातातून घड्याळ काढून घेतलं. ते गुळगुळीत बटण फिरवून कानाशी धरलं, तर आत टिकटिक सुरू झाली. का कोण जाणे, मला एकदम भरून आलं. "किती छान आहे हो!" मी म्हटलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. सौद्याचं पार वाटोळं झालं होतं.

डॉक्टरांनी पुन्हा कळ दाबली. खुर्ची खाडकन सरळ झाली. "तुम्हाला नाही देणार," ते ह्यांना म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही रोज किल्ली द्याल?"

"देईन."

"पेटीत ठेवायचं नाही."

"नाही ठेवणार."

पैसे ह्यांच्याच खिशातून गेले, हे वेगळं सांगायला नको. पट्टा मला सैल होत होता, म्हणून डॉक्टरांच्या दात कोरायच्या जुन्या हत्याराने मी तिथेच एक भोक पाडून घेतलं.

तेव्हापासून घड्याळ माझ्या मनगटावर आहे. भांडी घासताना काढून खिडकीत ठेवलं की हे तिथेच घुटमळतात. सकाळी मी किल्ली द्यायला लागले की पेपर खाली करून ऐकतात. पेटीतला कप्पा अजून रिकामाच आहे. कधी कधी माझाही जीव कळवळतो, नाही असं नाही, पण शब्द दिलाय.

काल किल्ली देत होते, तर हे समोर येऊन बसले. "तसं ते काही फार खास नाही," म्हणाले. "काचेवर चरे, पट्टा भलताच. त्यापेक्षा तुला छानसं नवं आणून देतो ना!" आणि बिचाऱ्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला.

ह्या वेळी मी शिकवणी विसरले नाही.

"राहू द्या हो," मी म्हटलं, "घरी पुष्कळ आहेत."