चुलीपुढचा खड्डा

सकाळपासून कौशल्येचा जीव थाऱ्यावर नव्हता. ग्रहण लागायला अवकाश होता, तरी तिनं तेच अंगण पुन्हा पुन्हा झाडलं, एका हातानं. दुसऱ्या हाताला ठकू होती. तीन वर्षांची पोर, पण कायम कडेवर. खाली ठेवली की ओल्या फडक्यासारखी कलंडायची. निजवून पेज भरवावी तर ठसका. मागच्या आठवड्यात पोरगी पार निळी पडली होती, तेव्हापासून कौशल्येनं धसकाच घेतला होता. मांडीवर धरून, हनुवटी सावरून भरवायचं, आणि अर्धी पेज लुगड्यावर.

सासूनं, यशोदाबाईनं, उपाय काढला होता. पांगळं पोर ग्रहणात छातीपर्यंत मातीत पुरायचं, ग्रहण सुटलं की पायावर उभं राहतं म्हणे. भोसरीत असं उभं राहिलेलं कुणी पाहिलं होतं का? तर पाहणारा नेहमी पलीकडच्या गावचा! नवरा दत्तोबा पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात कामाला. पण आईच्या शब्दाखातर तोही खाडा करून ओढ्याकाठी खड्डा खणायला गेला.

ग्रहण लागलं तसं त्यानं ठकूला खड्ड्यात बसवलं, चारी बाजूंनी माती दाबली. हात तेवढे बाहेर. पोरीनं टाहो फोडला तशी कौशल्या धावली.

"हात लावायचा न्हाई!" सासू ओरडली. "गिराण सुटंस्तवर न्हाई!"

कौशल्या ओढ्यापर्यंत जाई, परत येई, पुन्हा जाई. ऊन मळकट झालं. मग रडणं एकदम थांबलं.

सासूला न जुमानता कौशल्या खड्ड्यापाशी पोचली आणि तिथंच थबकली. ठकूची मान सरळ होती. समोरचा कावळा उडाला तशी तिची नजर त्याच्यामागं गेली. मग तिनं मातीचं ढेकूळ जवळ ओढलं आणि त्याच्यावर थाप मारली. या हातांना काही करताना आईनं कधी पाहिलंच नव्हतं.

गावातून "दे दान, सुटलं गिराण" अशी हाळी आली. दत्तोबानं माती उकरली, पोर काढून उभी केली. ती होती तशीच त्याच्या हातांत गळाली.

"काय चुकलं गं माझं? आता फुडल्या गिराणाला..." पुढं यशोदाबाईला रडूच फुटलं.

"परत ठिवा तिला," कौशल्या म्हणाली.

"अगं, गिराण सुटलं की," दत्तोबा म्हणाला.

"सुटू द्या. गिराणानं काय बी केलं न्हाई. मातीनं धरली व्हती तिला."

सुनेचं डोकं फिरलं, असं यशोदाबाईला वाटलं. घरी अंघोळी उरकल्यावर तर खात्रीच पटली. कौशल्येनं पहार घेतली आणि चुलीपुढची सारवलेली जमीन खणायला लागली.

"घरात खड्डा? कुणाला पुरतीस, बये?"

कौशल्या खणत राहिली. मागची कड तिनं पाठ टेकायला उतरती ठेवली, तळाशी कोंड्याचं पोतं घातलं, ठकूला बसवलं आणि बाजूंनी गोधड्यांच्या गुंडाळ्या दाबल्या. पोर डावीकडं कलली. त्या बाजूला आणखी एक गुंडाळी. आता मान राहिली.

तिनं पेजेचा पहिला घोट पाजला. ठकूनं तो गिळला. ठसका नाही. दुसराही गेला. मग पोरीनं आपणहून तोंड उघडलं. वाटी संपली, लुगडं कोरडं राहिलं. कौशल्येला रडायचं होतं, पण दोन्ही हात एकदम मोकळे झाले होते आणि त्यांचं काय करावं तेच तिला सुचेना. उगाच ती भाकरीचं पीठ मळायला बसली. ठकूनं परातीत थाप मारली, पीठ आईच्या नाकावर उडालं.

यशोदाबाई दारातून सगळं बघत होती. मग ती आत आली, पहार उचलली आणि दत्तोबाच्या हातात दिली.

"माझ्या बाजंपाशीबी एक खण तिला," ती म्हणाली.