घरचे नाय सोडत

एमबीएबद्दल काही विचारायचं असलं की नम्रताकडे जायचं, हे कंपनीत ठरूनच गेलं होतं. कुठल्या कॉलेजला किती पर्सेंटाइल लागतात, पुण्याचं बरं की मुंबईचं, पदवी झाल्या झाल्या जावं की आधी दोन वर्षं नोकरी करावी, शनिवार-रविवारच्या कोर्सला पुढे कोणी विचारतं का, सगळं तिला तोंडपाठ होतं. रोह्याजवळ धाटावच्या त्या केमिकल कंपनीत परचेस खात्यात तिला अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तिचं ऐकून चार जण एमबीए करायला गेले आणि चांगल्या जागी लागले. ती मात्र तिथेच राहिली.

का राहिली, तेही सगळ्यांना माहीत होतं. घरचे सोडत नव्हते.

घर पेणच्या खाडीकडच्या गावात होतं. वडील काळुराम मिठागरावर कामाला होते. मिठागरं बंद पडत गेली तसे घरच्या भातशेतीत उतरले. आई सगुणा वाल-पावटा लावायची, पेणच्या बाजारात नेऊन विकायची. नम्रता सोमवार ते शनिवार रोह्याला, वरसे गावात एक खोली घेऊन राहायची आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी यायची. गावातली मुलगी, एकटी खोली करून राहते, हे बघून "घरचे नाय सोडत" या वाक्यावर कोणाला शंका यायला हवी होती. पण कोणाला आली नाही. खाडीकडची माणसं म्हटली की जुन्या वळणाची असणारच, असं ऐकणारा मनातल्या मनात ठरवून टाकायचा आणि मान हलवायचा.

खरं काय झालं होतं ते तीनच माणसांना ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी तिला पुण्याच्या एका चांगल्या कॉलेजात जागा मिळाली होती. बाबा तिला घेऊन स्वतः पुण्याला गेले. हॉस्टेलच्या वॉचमनला पाणी किती वाजता येतं, जेवणात भात असतो का, असं सगळं विचारून घेतलं. तोवर नम्रता पायऱ्यांवर उभी होती. तिथे पाच-सहा मुली बोलत होत्या. इंग्रजी, भराभर, हसत हसत. त्यातल्या एकीने तिला काहीतरी विचारलं. नम्रताला ते समजलं, उत्तरही ठाऊक होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली आणि मान वळवली. एवढंच झालं. कोणी हसलं नाही, कोणी टोचून बोललं नाही.

येताना खोपोलीचा घाट उतरताना ती म्हणाली, "बाबा, आधी दोन वर्षं नोकरी करते. अनुभव असला की याहून चांगलं कॉलेज मिळतं."

"तुला काय वाटंल ते कर," बाबा म्हणाले. "मला त्यातलं काय कळत नाय."

दोन वर्षांनी ती म्हणाली, यंदा कामाचा भार आहे. मग म्हणाली, पुण्याला नको, मुंबईलाच जाईन. मग नोकरी सांभाळून करता येईल असं काहीतरी शोधते म्हणाली. दर जानेवारीत ती कॉलेजांची यादी काढायची आणि दर वर्षी यादीतल्या प्रत्येक कॉलेजात तिला काहीतरी खोट सापडायची. ऑफिसात कोणीतरी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा ते वाक्य तिच्या तोंडून सहज निघून गेलं. त्यावर दुसरा प्रश्न आला नाही, म्हणून तिने तेच धरून ठेवलं.

मग दिशा आली. चोवीस वर्षांची, रोह्याचीच, मनात येईल ते बोलून मोकळी होणारी. वर्षभर दोघी शेजारच्या टेबलांवर बसल्या. दिशा तिला ताई म्हणायची आणि खरोखर मोठ्या बहिणीसारखं मानायची. जानेवारीत सीईटीचे फॉर्म निघाले तेव्हा ती म्हणाली, "ताई, यंदा दोघी भरू. दोघी पुण्याला राहू. मग तुमच्या घरच्यांना काय अडचण हाय?"

"तुला आमच्या घरचे माहीत नाहीत," नम्रता म्हणाली.

"मग ओळख करून द्या."

पुढच्या रविवारी दिशा पोपटी खायला म्हणून गावी आली. शेताच्या बांधाजवळ आईने मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा भरल्या, बाबांनी मडकं उपडं करून भोवती गवत-काट्या पेटवल्या. दुपार कलायला लागली होती. शेंगा निघाल्या, सगळे सुपाभोवती बसले. आणि शेंग सोलता सोलता दिशाने सरळ विचारलं,

"काका, रागवू नका. पण ताईंना तुम्ही एमबीएला का नाय जाऊ दिलंत?"

आईचा हात थांबला. बाबांनी दिशाकडे पाहिलं, मग नम्रताकडे. नम्रता सुपात बघत होती. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं. आता बाबा बोलतील आणि सगळं उघडं पडेल, हे तिला दिसत होतं. खरं म्हणजे पडलं असतं तर बरंच झालं असतं.

"चुकलं आमचं," बाबा म्हणाले. "तेव्हा समजलं नाय."

"अवो, पन..." आई बोलायला गेली.

"तू शेंगा काढ," बाबा तिला म्हणाले. मग दिशाकडे वळून म्हणाले, "यंदा जाऊ दे तिला. माझी काय हरकत नाय. शब्द देतो तुला."

दिशाचे डोळे भरून आले. तिने वाकून त्यांच्या पाया पडायला घेतलं तर ते संकोचून मागे सरकले.

दिशाला पेणच्या रिक्षात बसवून आल्यावर आईने नम्रताला ओटीवरच गाठलं. "कवा नाय म्हटला गो तुला त्यांनी? सांग मला. पुण्याला तुझी बॅग कोण घेऊन गेलेला?"

"आय, मी तसं म्हणाले नव्हते."

"मग कसं म्हणालीस?"

बाबा मागीलदारी पाय धूत होते. नम्रता तिथे जाऊन उभी राहिली. "तू खोटं का बोललास, बाबा?"

"तुझ्या हापिसातली पोर. तिच्यासमोर तुला खोटी पाडू?" त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पन आता भर तो फॉर्म. आता तुला कोण अडवत नाय."

तिने फॉर्म भरला. भरावाच लागला, दिशा शेजारी बसून होती. पुढचे अडीच महिने दोघींनी वरसेच्या खोलीवर अभ्यास केला. गणितं नम्रता दिशापेक्षा लवकर सोडवायची. "ताई, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पडणार," दिशा म्हणायची, आणि ते खरं होतं. नम्रताला तेच नको होतं. नापास होण्याची तिला भीती नव्हती. जागा मिळाली तर पुन्हा त्या पायऱ्या होत्या, आणि या खेपेला मुली तिच्याहून अकरा-बारा वर्षांनी लहान असणार होत्या.

दोघींचं सेंटर पनवेलला आलं, वेळही एकच. सकाळी पेणच्या एसटी स्टँडवर भेटायचं ठरलं. त्या दिवशी बाबा तिच्या आधी उठले. दाढी केली, लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट घातला आणि तिला स्टँडवर सोडायला तयार होऊन दारात उभे राहिले. आईने डब्यात घावणे बांधले.

नम्रता अंथरुणात बसून होती. हॉल तिकीट, पेन, आधार कार्ड, सगळं उशाशी होतं. तिने फोन उचलला आणि दिशाला लिहिलं: बाबांना पहाटे एकदम बरं वाटेनासं झालं. दवाखान्यात नेते आहे. तू जा.

मग ती बाबांना म्हणाली, "माझ्या पोटात दुखतंय. मी नाय जात."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरकडे जाऊया, असं ते म्हणाले नाहीत. आत जाऊन शर्ट काढून खुंटीला लावला आणि शेतावर निघून गेले. आईने डबा सोडला नाही. दिवसभर तो तसाच बांधलेला चुलीजवळ पडून होता.

दिशाला पुण्यात जागा मिळाली, तीही नम्रताने सांगितलेल्या कॉलेजात. ऑगस्टमध्ये ती निघाली. त्या दिवशी बाबा तांदूळ घेऊन रोह्याला आले होते आणि नम्रता त्यांना घ्यायला एसटी स्टँडवर गेली होती. दिशा तिथेच पुण्याच्या गाडीची वाट बघत बसलेली. आधी ती नम्रताच्या गळ्यात पडली. मग तिने बाबांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"काका, तुम्ही शब्द दिला होतात."

"व्हय. दिला होता."

"आणि नेमके परीक्षेच्या दिवशी आजारी पडलात. पहाटेच. दवाखान्यात न्यायला ताईच लागल्या."

बाबांना हे नवीन होतं. खांद्यावरची पिशवी त्यांनी खाली ठेवली. नम्रता गाड्यांच्या वेळांच्या पाटीकडे बघत होती. महाड, मुरुड, अलिबाग अशी नावं एकाखाली एक वाचत होती. एक वाक्य पुरेसं होतं. दिशा तिचीच होती, तिने समजूनही घेतलं असतं.

"पडलो खरा," बाबा म्हणाले. "वय झालं आता."

"तुमच्या जागी माझे पप्पा असते ना, तर तापात उठून मला सोडून आले असते," दिशा म्हणाली. गाडी लागली तशी तिने बॅग उचलली. जाताना फक्त नम्रताला हात केला.

दोघं वरसेच्या रस्त्याने चालत निघाली. खोलीच्या दारात पिशवी ठेवून बाबा म्हणाले, "आजून कुनाला काय सांगितलं असंल तर मला आधी सांगून ठेव. ऐन वेळेला सुचत नाय."

"चहा तरी घे, बाबा."

"नको. चारची गाडी हाय."

त्यानंतर ते खोलीवर कधी आले नाहीत. गावी गेली की बोलायचे. पाऊसपाणी, भाताचं, शेजारच्यांचं. पुण्याचं किंवा कॉलेजचं नाव काढायचे नाहीत. आईही बोलायची, पण मोजकं.

दिवाळीनंतर दिशाच्या टेबलावर सरू नावाची नवी मुलगी आली. महिनाभरात तिलाही कळलं की एमबीएचं नम्रता मॅडमना विचारायचं. जेवणाच्या सुट्टीत तिने वही काढली, कॉलेजांची नावं लिहून घेतली आणि लिहिता लिहिता विचारलं, "मॅडम, एवढं सगळं माहीत असून तुम्ही स्वतः नाही केलंत?"

नम्रताने तोंड उघडायच्या आत स्टोअर्सच्या बाई पलीकडून म्हणाल्या, "तिच्या वडलांनी नाय सोडलं गो. दोनदा. फार हट्टी माणूस."

सरूने च्च केलं. नम्रताने भाजीचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि पुढच्या कॉलेजचं नाव सांगितलं.