मामांचा ठोका

"नको," मामा गाडीखालून म्हणाले. "गेलेली आहे. चला."

मी गॅरेजच्या आवारातच एका जुन्या टायरवर बसकण मारली. ही सातवी गाडी. दोन महिन्यांत माझे सासरे सात जुन्या फोर-व्हील ट्रकांखाली शिरले होते आणि सातही वेळा हाच एक शब्द घेऊन बाहेर आले होते. नोकरीला नकार देणारा साहेबसुद्धा निदान "बघू, कळवतो" म्हणतो. मामांकडे तेवढीही माया नाही.

माझा धंदा मधमाश्यांचा. डोंगरावर फुलोरा यायला जेमतेम बारा दिवस उरले होते आणि माझ्या ऐंशी पेट्या खाली, वाळलेल्या माळावर साखरपाणी पिऊन दिवस काढत होत्या. गेल्या वर्षी भाड्याचा टेम्पो अर्ध्या चढावर रुतला, दुपारभर उन्हात उभा राहिला आणि निम्म्या माश्या पेट्यांतच गुदमरून मेल्या. त्या पेट्या उघडतानाचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. तो रस्ता चढायला जुन्या बांधणीचा, चारही चाकं ओढणारा ट्रकच हवा. तसा तो मिळतही होता. मिळत नव्हता तो मामांचा होकार.

मामांना डावलायचीही सोय नव्हती. त्यांनी बेचाळीस वर्षं गाड्यांच्या पत्र्याचं काम केलेलं. लोक त्यांना गाडी दाखवायला लांबून न्यायला येत. बाहेरचा पत्रा ते फडक्यात गुंडाळलेल्या लोहचुंबकाने तपासत. चुंबक घसरला, की रंगाखाली लोखंड नाही, पुट्टी आहे. बुडाला ताजा काळा रंग दिसला, की मालकाकडे चोराकडे बघावं तसं बघत. पण त्यांची खरी ख्याती चासीची. ज्या दोन लांब पोलादी तुळयांवर सगळी गाडी उभी असते, त्या आतून पोकळ असतात आणि गंज आतूनच लागतो. बाहेरून दणकट, आत भुगा. तो डोळ्यांना दिसत नाही. मामा पाठीवर झोपून बोटभर हातोडीने वीतवीत अंतरावर ठोकत जात. चांगलं लोखंड 'टण्' म्हणतं, सडलेलं 'थप्प'.

"स्क्रूड्रायव्हर टोचून बघा की," मी एकदा सुचवलं होतं.

"भोकं पाडून कळलं तर त्यात अक्कल कसली?" मामा म्हणाले. "आणि जरा तोंड उघडून बोलत जा, जावईबापू. तोंडात गूळ धरल्यासारखं काय बोलता?"

घरी येऊन मी बायकोकडे कुरकुर केली, तर तीही म्हणाली, "बाबांचं बरोबर आहे. तुम्ही पुटपुटताच." आता बापाची बाजू लेक घेणार नाही तर कोण घेणार?

पहिल्या दोन गाड्या खरंच भिकार होत्या, ते मलाही दिसलं. तिसरी मात्र एका वारलेल्या मोजणीदाराची, करड्या रंगाची. तिच्यावर माझा जीव जडला होता. मामा ठोकत होते आणि मला टण्, टण् असंच ऐकू येत होतं. पण मामा बाहेर आले, अंगावरची माती झटकली आणि मोजणीदाराच्या बायकोला म्हणाले, "बाई, ही माणसं बसवायच्या लायकीची नाही. कुणाला विकू नका." माझ्या मनात आलं, जाणत्या कानाला काहीतरी बारीक ऐकू येत असणार, आपल्याला काय कळतंय? चौथ्या, पाचव्या, सहाव्या गाडीलाही मला तसंच वाटलं. नंतर मी वाटून घ्यायचंच सोडलं. नाकी नऊ आले होते माझ्या.

सातव्या गाडीचा मालक मात्र माझ्यासारखा गरीब गाय नव्हता. तो स्वतः गॅरेजवाला, अंगाने आडवा आणि जिभेने तिखट. मामांचा निकाल ऐकून त्याने पान्हा खाली आपटला.

"काय गेलेली आहे? कुठे गेलेली आहे? दाखवा तरी!"

"पुढून मागेपर्यंत," मामा खालूनच म्हणाले. "सगळी पोचट वाजते."

"अहो, मघाशी टणटण वाजत होती! हा तुमचा जावईसुद्धा ऐकतोय. काय हो?"

मी आभाळाकडे बघितलं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

गॅरेजवाल्याच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. त्याने मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि गाडीकडे वाकून ओरडला, "थांबा आजोबा, बाहेर येऊ नका. आता मी वरून ठोकतो, तुम्ही नुसतं ऐका. हा भाग कसा आहे सांगा."

गाडीच्या शेजारीच त्याची ऐरण होती. त्याने मोठा हातोडा उचलला आणि ऐरणीवर एक सणसणीत ठोका घातला. माझ्या दातांत झिणझिण्या आल्या. रस्त्यावरून जाणारी एक बाई थबकून आत बघायला लागली.

"सांगा!"

गाडीखालून मामांचा तो ठाम, ओळखीचा आवाज आला. "सडलेला आहे."

गॅरेजवाला पोट धरून हसला. त्याचे दोन्ही कारागीर हसले. "ऐरण सडली रे!" तो टाळ्या पिटत म्हणाला. "पन्नास वर्षांची ऐरण सडली! अहो, हे कसले पारखी, हे तर सोंग आहे नुसतं!"

मामा सरपटत बाहेर आले. त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, गॅरेजवाल्याच्या हातातल्या हातोड्याकडे पाहिलं, मग ऐरणीकडे. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी त्याच्या हातून हातोडा मागून घेतला आणि स्वतः ऐरणीवर मारला. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारताना मान वाकवून कान जवळ नेला.

"जावईबापू, तुम्हाला कसा ऐकू येतो?"

"टण्," मी म्हणालो. "घंटा वाजल्यासारखा."

"मला दगडावर मारल्यासारखा येतो."

हसणं बंद झालं. गॅरेजवाल्याने उगाच फडक्याला हात पुसले. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. दोन महिने मी या माणसाला हट्टी, खवचट, अडेलतट्टू म्हणत होतो. जन्मभर पत्रा ठोकून त्यांच्या कानांतला वरचा बारीक सूर गेला होता. आमचं बोलणं थोडंफार पोचत होतं, त्यामुळे आम्हालाही कळलं नाही आणि त्यांनाही नाही.

मला वाटलं, मामा आता घरी चला म्हणतील. त्यांनी आपली बोटभर हातोडी माझ्या हातात दिली. "शिरा खाली. तुम्ही ठोका आणि मला ओरडून सांगा. घाई करू नका."

मी अर्धा तास ठोकत होतो, ते वाकून ऐकत होते आणि जागोजाग हात लावून बघत होते. मागच्या चाकापाशी एकाच ठिकाणी थप्प वाजलं. "तेवढं कापून नवी पट्टी जोडून घ्या," मामा म्हणाले. "बाकी गाडी चांगली आहे. घ्या." गॅरेजवाल्याने पट्टी आठ दिवसांत जोडून द्यायचं कबूल केलं. परत परत तो मामांना चहा घ्या म्हणत होता.

गाडी ठरली. मी आनंदाने नाचायला हवं होतं. परतीच्या बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघत बसले होते. मग एकदम माझ्याकडे वळले.

"त्या मोजणीदाराची गाडी तुम्हाला कशी वाजली होती?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "टण् वाजली होती. पुढून मागेपर्यंत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्यापुढे मी काय बोलणार, मामा?"

"बोलायचं होतं," ते म्हणाले. मग पुन्हा खिडकीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ते आमच्या दारात उभे. मोजणीदाराच्या घरी जायचं होतं. मी वैतागलो. कपाळावरची आठी लपवलीही नाही. "आता जाऊन काय उपयोग? उगाच त्यांच्या डोक्याला ताप."

"तुम्ही नसाल येत तर मी जातो," मामा म्हणाले. झक मारत निघालो.

मोजणीदाराच्या बायकोने आम्हाला ओळखलं. ओसरीवर खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं आणि आम्ही काही बोलण्याआधीच म्हणाली, "फार उपकार झाले तुमचे. तुम्ही सांगितलंत म्हणून बरं. नाहीतर विकली असती आणि कुणाचा तरी जीव गेला असता. आठवड्याभरात भंगारवाल्याला बोलावलं. त्याने इथेच, दारात कापली."

तिचं एवढं बोलून झाल्यावर मी मामांना डोळ्यांनी खुणावलं: चला, ऐकलंत ना, उठा आता. गाडीच नाही, तर सांगून कुणाचं भलं होणार? मामांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही.

"बाई, मी चुकलो," ते म्हणाले. "माझे कान गेलेत. मला कालच कळलं. तुमची गाडी सडलेली नव्हती."

तिने गाडी कापली त्या जागेकडे बघितलं. मी तिच्या रागाची वाट बघत होतो. राग आला असता तर बरं झालं असतं.

"दर रविवारी हे गाडीखाली असायचे," ती अखेर म्हणाली. "ब्रश आणि तेलाचा डबा घेऊन. कुठे जायचं म्हटलं की गाडीचं काम आहे. मुलीचं बोलणंच तुटलं त्यांच्याशी. मी तर किती भांडले असेन. आणि तुम्ही सांगून गेलात की सडलीय. तेव्हा मला वाटलं, म्हणजे काम वगैरे काही नव्हतंच. आमच्यापासून सुटका हवी म्हणून नुसते पडून राहत होते खाली." तिने पदराने ओठ पुसले आणि अगदी हळू विचारलं, "नीट ठेवली होती का हो त्यांनी?"

मामांना ऐकू आलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "विचारताहेत, त्यांनी गाडी नीट ठेवली होती का."

"फार नीट," मामा म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता, समोरच्या घरापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "जोडाजोडात तेल घातलेलं होतं. हात पोचणार नाही तिथेसुद्धा. मी ते बघितलं आणि म्हटलं, काहीतरी लपवायला चोपडलंय. मी चुकलो. इतकी राखलेली गाडी मी फार बघितली नाही."

ती उठली. दाराच्या चौकटीला धरून आत हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा." मुलगी ओले हात पुसत ओसरीवर आली आणि आमच्याकडे कोरड्या नजरेने बघत उभी राहिली.

"आता हिला सांगा," मोजणीदाराची बायको म्हणाली.

ते मात्र मला मामांच्या कानाशी पुन्हा सांगावं लागलं नाही. मामा खुर्चीतून उठून उभे राहिले आणि पहिल्यापासून सांगू लागले.