चिंतेचा किडा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर कीडकाढे बाबा एका म्हाताऱ्याच्या कानाशी दोन बोटं लावून, डोळे मिटून उभे होते. बाबांनी हात झटकला आणि बशीत काळं काहीतरी टपकलं. त्यावर मंतरलेल्या पाण्याचे दोन थेंब पडले, आणि ते चक्क वळवळलं!

"पाहा! वीस वर्षं हा किडा याचं काळीज कुरतडत होता. चिंता चिंता म्हणतात ती हीच! डॉक्टर म्हणतो, गोळी घ्या. अरे, गोळीनं किडा मरतो का? गोळी खाऊन लठ्ठ होतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या न्हाव्यानंही तळहात लाल होईपर्यंत टाळ्या पिटल्या. त्याच्याइतकी गरज तिथं कुणालाच नव्हती.

त्याचा हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागे. पण सहा महिन्यांपूर्वी एकाच्या गळ्यावर वस्तरा असताना त्याच्या डोक्यात लख्खकन विचार आला, 'आत्ता जरा दाबला तर?' त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या दिवसापासून तो विचार हात धुऊन त्याच्या मागे लागला. झटकावा तितका जास्त चिकटे. तो वस्तरा कुलपात ठेवायचा, कुलूप तीनतीनदा ओढून बघायचा. घरात सुरीला शिवेनासा झाला. सात वर्षांच्या लेकीची वेणी रोज तोच घालायचा, तेही सोडलं. कारण बायकोलाही सांगितलं नाही.

बाहेर पाळीच्या रांगेत शेजारी येऊन बसलेली एक बाई रुमालानं डोळे टिपत होती. "दादा, मीही कुढत होते हो. कुणाजवळ तरी बोला, हलकं वाटतं."

तिच्याजवळ तो पहिल्यांदा बोलला. आणि खरंच हलकं वाटलं.

त्याची पाळी आली. बाबांनी समोरचा जाडजूड ग्रंथ उघडला, पान पाहिलं आणि माइकवरून गर्जले, "तू लोकांचे केस कापतोस. पण तुझ्या मनात लोकांचे गळे कापायचेत!"

तिसऱ्या रांगेत बसलेल्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. बाबांनी त्याच्या कानातूनही किडा काढला, पण मान हलवली. "मोठा निघाला, पिल्लं आतच आहेत. अजून सात बैठका लागतील. तोवर लेकराला याच्याजवळ ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी बायको लेकीला घेऊन माहेरी गेली. दुकानाच्या दारावर कुणीतरी खडूनं 'गळेकापू' लिहिलं. दहा वर्षांची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. रिकाम्या खुर्चीसमोर बसून तो आरशात स्वतःच्याच गळ्याकडे बघू लागला. शेजारच्या शिंप्याला ती नजर बरी वाटली नाही. त्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्याला दंडाला धरून इस्पितळात नेलं.

तिथं समुपदेशन करणाऱ्या बाईंची खोली लहानशी होती, दोन खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. बाईंनी आधी दार लावलं. मग सगळं ऐकून घेतलं.

"गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं की उडी मारली तर, असं पुष्कळांच्या मनात येतं. बाळ हातात घेतलं की टाकलं तर, असं आयांच्याही मनात येतं. बहुतेक जण विसरून जातात. तुम्ही घाबरलात, कारण कुणाला इजा करणं तुम्हाला सोसतच नाही. याला आजार म्हणतात, पाप नाही. दर मंगळवारी या. वस्तऱ्यापासून पळणं हळूहळू थांबवू. वेळ लागेल."

"पण बाई, बाबांनी न सांगता ओळखलं ते?"

"न सांगता? कुणालाच सांगितलं नव्हतं?"

तो पुटपुटला, "रांगेत एक ताई होत्या..."

बाबांच्या पुढच्या बैठकीला बाई स्वतः रांगेत बसल्या. रुमालवाली ताई लगेच शेजारी आली. बाईंनीही डोळे टिपले आणि मन मोकळं केलं.

"तू सख्ख्या बहिणीला विहिरीत ढकललंस!" बाबा माइकवरून गरजले.

"मी एकुलती एक आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "बहीण मला अर्ध्या तासापूर्वी झाली, या ताईंच्या शेजारी बसल्यावर!" बाबा भानावर यायच्या आत बाईंनी ग्रंथ उचलून लोकांसमोर धरला. पानं मधोमध कोरून आत मोबाइल ठेवला होता. पडद्यावर अक्षरं होती, 'निळा पोशाख. बहीण. विहीर.' रुमालवाली कोरड्या डोळ्यांनी दाराकडे सटकली होती.

मग बाईंनी पर्समधून काळ्या पातळ कागदाची चुणी घालून दाबलेली पट्टी काढली, बोटांच्या बेचक्यात लपवली आणि माइकच्या डोक्यातून 'ओढून' बशीत टाकली. वर साध्या नळाचं पाणी शिंपडलं. कागद भिजून फुगला, चुण्या उलगडल्या आणि किडा वळवळला.

"बघा, माइकलाही चिंता आहे!"

काही हसले. काहींनी "चेटकीण!" म्हणून चप्पल भिरकावली. मागून एक आई उठून उभी राहिली. "मग याच्या सांगण्यावरून मी माझ्या मुलाच्या गोळ्या बंद केल्या, त्याचं काय?" मुलाचं पुढे काय झालं, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

बाबांना पोलिसांनी नेलं. न्हावी सासुरवाडीला गेला. सासरे दारातच आडवे उभे राहिले.

"बाबा लबाड निघाला, कबूल. पण विचार तर तुमचाच होता ना, जावईबापू?"

"माझाच होता. डोक्यात येईल ते सगळं माणूस करत नाही, मामा. तुमच्या डोक्यात आजवर काय काय येऊन गेलं, ते सांगाल का मला? माइकवरून?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. पण दारातून हलले नाहीत. आतून लेकीनं "बाबा!" अशी हाक मारली, आणि कुणीतरी तिला गप्प केलं.

तिसऱ्या मंगळवारी बायको एकटीच इस्पितळात आली आणि खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिली. लेक घरी कधी येईल, ते तिनंही सांगितलं नाही.

कागदाचा किडा दोन मिनिटांत उघडा पडतो. चव्हाट्यावर उघडं पाडलेलं मन झाकायला किती मंगळवार लागतील, हे बाईंनाही सांगता आलं नाही. म्हणून कळवळून सांगणं आहे, मन दुखत असेल तर जिथं दार लावून ऐकतात तिथं जा. जिथं माइक लावून सांगतात तिथं जाऊ नका.